अमेरिकेत ऑनर्सला प्रवेश मिळाला, पण पुढच्या चार वर्षांत त्याचं करायचं काय?

ऑनर्स म्हणजे विद्यापीठातल्या निवडक विद्यार्थ्यांसाठीचा वेगळा मार्ग: छोटे वर्ग, जादा काम आणि बहुधा शेवटी थिसिस, म्हणजे स्वतःच्या संशोधनावरचा प्रबंध. त्याला निवड झाल्याचं पत्र आलं की घरातला पहिला प्रश्न पैशांचा असतो. फी किती कमी होणार? प्रश्न रास्त आहे. पण अमेरिकेतल्या बऱ्याच सरकारी विद्यापीठांत ऑनर्सचा प्रवेश आणि स्कॉलरशिप या वेगवेगळ्या गोष्टी असतात. एक मिळाली म्हणून दुसरी मिळेलच असं नाही, उलट काही ठिकाणी ऑनर्ससाठी जादा फी भरावी लागते. दुसरं आकर्षण म्हणजे कोर्सचं रजिस्ट्रेशन इतरांच्या आधी करायला मिळणं. ही सोय चांगलीच आहे, हव्या त्या वेळेचा वर्ग मिळतो. पण तेवढ्यासाठी चार वर्षं जास्तीचं काम अंगावर घेऊ नये.

माझ्या मते खरी किंमत तिसऱ्याच गोष्टीला आहे. तीस-चाळीस हजार विद्यार्थ्यांच्या विद्यापीठात तुम्हाला नावाने ओळखणारी, तुमचं लिखाण वाचलेली आणि तुमच्यासाठी फोन उचलायला तयार असलेली चार-सहा माणसं ऑनर्समुळे मिळू शकतात. ‘मिळू शकतात’ असं म्हणतोय, कारण ती आपोआप मिळत नाहीत. वर्षभर चांगले मार्क मिळवूनही ऑनर्सच्या ऑफिसचा जिना न चढलेले विद्यार्थी दर बॅचमध्ये असतात.

या पद्धतीची मुळंही छोट्या गटातल्या शिक्षणात आहेत. ऱ्होड्स स्कॉलर म्हणून ऑक्सफर्डला शिकून आलेले फ्रँक एडलॉट यांनी स्वार्थमोर कॉलेजमध्ये १९२२ साली ऑनर्स सुरू केलं. मोजके विद्यार्थी, एक प्राध्यापक, भरपूर वाचन आणि शेवटी बाहेरच्या परीक्षकांकडून परीक्षा, असा तो साचा होता. स्वार्थमोरमध्ये बाहेरचे परीक्षक आजही येतात. मोठ्या सरकारी विद्यापीठांनी ही कल्पना आपापल्या परीने उचलली. टेक्सस विद्यापीठाचा ऑस्टिनमधला ‘प्लॅन टू’ हा ऑनर्स प्रोग्रॅम १९३५ पासून चालू आहे, तर ओरेगन विद्यापीठाचं ऑनर्स कॉलेज १९६० मध्ये सुरू झालं.

होकार कळवण्याआधी विचारायचे प्रश्न

पहिला प्रश्न: हा ऑनर्स ‘प्रोग्रॅम’ आहे की ‘कॉलेज’? प्रोग्रॅम म्हणजे साधारण एक ऑफिस, दोन-चार अ‍ॅडव्हायझर आणि ठरावीक क्रेडिट (कोर्सला मिळणारे श्रेयांक) पूर्ण करण्याची अट. कॉलेज म्हटलं की स्वतःचा डीन, स्वतःचे कोर्स आणि बहुधा स्वतःचं डॉर्म, म्हणजे वसतिगृह. अ‍ॅरिझोना स्टेट विद्यापीठाच्या बॅरेट ऑनर्स कॉलेजला टेंपीमध्ये स्वतंत्र आवार आणि स्वतःचा डायनिंग हॉल आहे. पहिल्या वर्षी येणारे विद्यार्थी तिथे ‘द ह्यूमन इव्हेंट’ हा दोन सेमिस्टरचा वाचन-चर्चेचा कोर्स करतात. न्यूयॉर्कच्या मॅकॉले ऑनर्स कॉलेजची तऱ्हा अगदी वेगळी. त्याचे विद्यार्थी सिटी युनिव्हर्सिटीच्या निरनिराळ्या कॅम्पसवर विखुरलेले असतात आणि न्यूयॉर्क शहरावरच्या सामाईक सेमिनारांमुळे एकत्र येतात. दोन्हींना ऑनर्स कॉलेज म्हणतात, पण रोजचं आयुष्य पार निराळं.

दुसरा प्रश्न जरा अवघड जागी बोट ठेवणारा आहे, तरी विचाराच: प्रवेश घेणाऱ्यांपैकी ऑनर्स पूर्ण किती जण करतात? आकडा चटकन सांगितला तर ऑफिस या गोष्टीकडे लक्ष देतं असं समजा. टाळाटाळ झाली तर सध्या शिकणाऱ्या एखाद्या सीनियरला गाठून विचारा की मधेच कोण गळतं आणि का. बहुतेक वेळा उत्तर एकच येतं, थिसिस.

जीपीएची, म्हणजे ४ पैकी सरासरी ग्रेडची, अटही लेखी मागा. ती साधारण ३.२ ते ३.५ च्या आसपास असते. अट किती आहे याइतकंच, एखाद्या सेमिस्टरमध्ये खाली घसरलं तर सावरायला किती मुदत मिळते हेही महत्त्वाचं.

इंजिनिअरिंग, नर्सिंग किंवा संगीत घेणाऱ्यांनी आणखी एक हिशेब आधीच मांडावा. या विषयांत सक्तीचे कोर्स इतके असतात की ऑनर्सचे सेमिनार बसवायला जागा उरत नाही. त्यात शाळेत एपी किंवा आयबी हे कॉलेजच्या पातळीचे कोर्स करून सामान्य विषयांचे क्रेडिट आधीच मिळवले असतील, तर जे कोर्स ऑनर्सच्या स्वरूपात करता आले असते तेच हातातून गेलेले असतात. मग ऑनर्सचा प्रत्येक कोर्स डिग्रीच्या वर जादा बसतो. मेजरच्या, म्हणजे मुख्य विषयाच्या, चार वर्षांच्या आराखड्यात ऑनर्सचे क्रेडिट कुठे बसतात ते अ‍ॅडव्हायझरसमोर बसून पेन्सिलीने भरून बघा.

पहिल्या फेरीत निवड झाली नाही तरी दार बंद होत नाही. पेन स्टेटच्या श्रायर ऑनर्स कॉलेजसारख्या ठिकाणी तिथेच शिकत असलेल्या विद्यार्थ्यांना नंतरही अर्ज करता येतो. अशा वेळी पहिल्या वर्षाचा जीपीए आणि एका प्राध्यापकाची शिफारस यांना वजन असतं.

पहिले सहा आठवडे

ऑनर्सचा वेगळा मजला किंवा डॉर्म असेल तर पहिलं वर्ष तिथेच राहा, असं मी सांगेन. मुख्य कारण अभ्यास नाही. रात्री साडेदहाला कॉमन रूममध्ये कुणीतरी त्याच सेमिनारचं पुस्तक उघडून बसलेलं असतं. ‘तुला यातलं काय कळलं?’ म्हणून सुरू झालेल्या गप्पा दुसऱ्या दिवशी वर्गात कामी येतात. हे अपार्टमेंटमध्ये राहून होत नाही.

पहिल्याच आठवड्यात मजल्यावरचा रेसिडेंट असिस्टंट, म्हणजे आरए, रूममेट अ‍ॅग्रीमेंटचा फॉर्म देईल. झोपायची वेळ, पाहुणे, दिवे, साफसफाई यांवर दोघांनी काय ठरवलं ते त्यात लिहायचं असतं. आपल्याकडची मुलं सगळ्यावर ‘काही हरकत नाही’ अशी खूण करून मोकळी होतात आणि ऑक्टोबरमध्ये कुढत बसतात. हरकत असेल तर ती तिथेच लिहा, फॉर्म त्यासाठीच असतो.

त्या मजल्यावरचा जवळपास प्रत्येक जण आपापल्या शाळेत पहिला आलेला असतो. पहिल्या मिडटर्मनंतर निम्म्यांना वाटायला लागतं की आपली निवड चुकून झाली. हे बोलून दाखवणारा एक जण निघाला की बाकीचेही बोलतात. झोप उडाली किंवा वर्ग बुडायला लागले तर मात्र मित्रांवर भागवू नका. विद्यापीठाचं समुपदेशन केंद्र असतं, तिथे जाणं गोपनीय राहतं आणि ग्रेडशी त्याचा काही संबंध नसतो.

ऑनर्सचं वर्तुळ सुखाचं असतं आणि म्हणूनच थोडं धोक्याचंही. त्याच वीस जणांसोबत जेवण, वर्ग आणि सिनेमा. पहिल्या सेमिस्टरमध्येच ऑनर्सबाहेरचा एक क्लब धरा: वादविवाद, गिर्यारोहण, विद्यापीठाचं वर्तमानपत्र, काहीही. भारतीय विद्यार्थ्यांची संघटना तुम्हाला शोधत येईलच, तिथे जा. पण तेवढ्यावर थांबू नका.

सेमिनारमध्ये तोंड उघडणं

ऑनर्सच्या सेमिनारला पंधरा ते वीस जण असतात आणि बोलण्याला ग्रेड असतो. इथे मराठी घरातून आलेली हुशार मुलं हमखास अडखळतात. सरांनी विचारल्याशिवाय बोलायचं नाही, पूर्ण उत्तर जुळल्याशिवाय हात वर करायचा नाही, ही सवय अंगात मुरलेली असते. सेमिनारमध्ये अर्धवट विचार मांडणं हेच अपेक्षित असतं. तो पुरा करायला बाकीचे बसलेले असतात.

यावर एक उपाय चांगला चालतो. वाचताना मजकुरातल्या एकाच जागेवर खूण करा, पान क्रमांकासह. वर्गात पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत तेवढंच बोला: ‘पान ४२ वर लेखक म्हणतो की कायदा सगळ्यांना सारखा, आणि पुढच्याच परिच्छेदात बायकांना वगळतो. हे त्याच्या लक्षात आलं नाही, की त्याला चालणारं होतं?’ एवढं पुरतं. हे काही भाषण नव्हे, पण बोलायला समोर एक नेमकी जागा आली. सुरुवातीलाच एकदा बोललं की उरलेला तास दडपण राहत नाही. उशीर केला तर आपला मुद्दा दुसरंच कुणीतरी मांडून जातं. आधी बोललेल्याचं नाव घेऊन त्याच्या मुद्द्याला आपला मुद्दा जोडणंही शिका. पटत नसेल तर तेही नाव घेऊनच सांगा, कुणी मनाला लावून घेत नाही.

प्राध्यापकांशी ओळख आणि ऑनर्स कॉन्ट्रॅक्ट

प्रत्येक प्राध्यापक आठवड्यात दोन-तीन तास ऑफिस आवर्स, म्हणजे विद्यार्थ्यांना भेटायची वेळ, ठेवतो आणि बऱ्याचदा त्या वेळात एकटाच बसलेला असतो. अडचण नसताना जायचं कसं, असं वाटतं. विषयातला एखादा प्रश्न घेऊन जा आणि निघताना विचारा, ‘सध्या तुम्ही कशावर काम करताय?’ संशोधनाची पुढची सगळी दारं या प्रश्नातून उघडतात.

ऑनर्स कॉन्ट्रॅक्टची सोय इथेच उपयोगी पडते. साध्या कोर्सला प्राध्यापकाच्या संमतीने जादा काम जोडून तो कोर्स ऑनर्समध्ये मोजून घ्यायचा, असा हा करार असतो. सगळीकडे ही सोय नसते आणि जिथे असते तिथे फॉर्मची मुदत सेमिस्टरच्या पहिल्या काही आठवड्यांतच संपते. तेव्हा विनंती पहिल्या दुसऱ्या आठवड्यातच करा. मेल इंग्रजीत जाईल, पण मजकूर साधारण असा असू द्या:

‘मी तुमच्या मंगळवारच्या संख्याशास्त्राच्या वर्गात आहे आणि ऑनर्सचा विद्यार्थी आहे. हा कोर्स कॉन्ट्रॅक्टने करायची इच्छा आहे. शहराच्या बससेवेची खुली आकडेवारी उपलब्ध आहे. बस उशिरा येणं आणि हवामान यांचा काही संबंध दिसतो का, हे रिग्रेशन वापरून तपासून आठ-दहा पानांचा अहवाल लिहावा, असा विचार आहे. कल्पना मोठी किंवा छोटी वाटत असेल तर कृपया सांगा. गुरुवारी ऑफिस आवर्समध्ये येऊन बोलू का? फॉर्मची मुदत पुढच्या शुक्रवारपर्यंत आहे.’

अशा मेलला नकार क्वचितच येतो, कारण प्राध्यापकाला डोकं चालवायला लागत नाही. काम काय, किती आणि कधीपर्यंत, हे सगळं त्यात आलेलं असतं. याउलट ‘मला कॉन्ट्रॅक्ट करायचंय, काय करू?’ असं विचारणारे मेल पडून राहतात. जादा काम म्हणजे आणखी दहा गणितं, असा प्रस्ताव मात्र स्वीकारू नका. ज्यातून थिसिसचा विषय किंवा शिफारसपत्र निघू शकेल, असं काम मागा.

संशोधनात शिरकाव

अंडरग्रॅज्युएट विद्यार्थ्यांना प्रयोगशाळेत घ्यायची रीत अमेरिकेत चांगलीच रुजलेली आहे. एमआयटीचा यूआरओपी हा कार्यक्रम १९६९ पासून चालू आहे आणि आता बहुतेक मोठ्या विद्यापीठांत असं एखादं ऑफिस असतं. ऑनर्सवाल्यांना तिथे पहिल्या वर्षापासून प्रयत्न करता येतो.

सुरुवात कंटाळवाणी असते, हे धरून चला. काचेची भांडी धुणं, मुलाखतींचं रेकॉर्डिंग ऐकून टंकलेखन, स्प्रेडशीटमधल्या चुका शोधणं. पहिलं सेमिस्टर यातच जातं आणि जाऊ द्यावं. तुमचं काम बिनचूक आहे आणि तुम्ही सांगितलेल्या वेळी येता, हे त्या काळात बघितलं जातं. लक्ष मुख्य प्राध्यापकापेक्षा तिथल्या पीएचडीच्या विद्यार्थ्याकडे ठेवा, कारण रोजचं शिक्षण त्याच्याकडून मिळतं.

माणसांवर संशोधन करायचं असेल, मग ती साधी मुलाखत किंवा ऑनलाइन प्रश्नावली का असेना, तर आधी विद्यापीठाच्या आयआरबीची, म्हणजे संशोधनाची नैतिक बाजू तपासणाऱ्या मंडळाची मान्यता किंवा सूट घ्यावी लागते. गोळा करून झालेल्या माहितीला मागाहून परवानगी मिळत नाही. त्यासाठीचं ऑनलाइन प्रशिक्षण काही तासांचं असतं, ते पहिल्याच सुट्टीत उरकून टाका.

ऑफिसातली आणि कौन्सिलमधली कामं

ऑनर्सची विद्यार्थी कौन्सिल असते, नव्या मुलांसाठी पिअर मेंटर असतात, ओरिएंटेशनची टीम असते. पदाच्या नावाला फारसा अर्थ नाही. अर्थ आहे तो या कामांमुळे डीन आणि ऑफिसची माणसं तुम्हाला काम करताना बघतात, याला. नंतर प्रवासखर्चाचं अनुदान शिल्लक असेल किंवा कुणी एखाद्या इंटर्नशिपसाठी नाव सुचवायला सांगितलं, तर समोर दिसणारंच नाव आठवतं. असल्या छोट्या अनुदानांसाठी अर्ज खूप कमी येतात. जाहिरात असते, पण ती आठवड्याच्या मेलमध्ये सगळ्यात खाली. तो मेल वाचत जा.

एक सावधगिरी. पहिल्या वर्षानंतर तुम्हाला ‘ऑनर सोसायटी’च्या, म्हणजे गुणवान विद्यार्थ्यांच्या संघटनांच्या, सदस्यत्वाची आमंत्रणं येऊ लागतील. त्यांचा तुमच्या ऑनर्स प्रोग्रॅमशी संबंध असेलच असं नाही. १७७६ मध्ये स्थापन झालेल्या फाय बीटा कॅपासारख्या काही खरोखर मानाच्या आहेत, काही मात्र निव्वळ सदस्यत्वशुल्कावर चालतात. पैसे भरण्याआधी ऑनर्स ऑफिसला विचारा, त्यांना सगळ्या ठाऊक असतात.

कॅम्पसच्या बाहेर

देशभरच्या ऑनर्स प्रोग्रॅमची नॅशनल कॉलेजिएट ऑनर्स कौन्सिल ही संघटना १९६६ पासून आहे. तिच्या वार्षिक परिषदेत विद्यार्थीही पोस्टर आणि निबंध सादर करतात. तिचे दोन उपक्रम मला फार आवडतात. ‘सिटी अ‍ॅज टेक्स्ट’मध्ये छोट्या गटांनी अनोळखी शहरात पायी फिरायचं, बघायचं, लोकांशी बोलायचं आणि परत येऊन कुणाला काय दिसलं यावर चर्चा करायची. ‘पार्टनर्स इन द पार्क्स’मध्ये निरनिराळ्या विद्यापीठांचे ऑनर्स विद्यार्थी राष्ट्रीय उद्यानांत एकत्र राहून तिथला निसर्ग आणि इतिहास शिकतात. दोन्हींत ओळखी अशा होतात, ज्या आपल्या कॅम्पसवर कधीच झाल्या नसत्या. संशोधन सादर करायला नॅशनल कॉन्फरन्स ऑन अंडरग्रॅज्युएट रिसर्च ही १९८७ पासूनची परिषदही आहे. निवडीसाठी सारांश महिने आधी द्यावा लागतो, तेव्हा निकाल हातात यायची वाट बघू नका.

पासपोर्ट कोणता, त्यावर काय खुलं आहे

ऑनर्स ऑफिसं ज्या मोठ्या फेलोशिपची नावं अभिमानाने सांगतात, त्यांतल्या अनेक भारतीय पासपोर्टवाल्यांना बंद आहेत. ट्रुमन आणि मार्शल अमेरिकी नागरिकांसाठी आहेत. विज्ञान-गणितातल्या गोल्डवॉटरसाठी नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक असावं लागतं. उन्हाळ्यात संशोधनासाठी चांगले पैसे देणारा नॅशनल सायन्स फाउंडेशनचा आरईयू कार्यक्रमही तसाच. अमेरिकेत जन्मलेल्या मुलांनी अर्थातच हे सगळं धरावं, आणि तेही दुसऱ्या वर्षापासून, कारण गोल्डवॉटर आणि ट्रुमनचे अर्ज पदवीच्या मधल्या वर्षांतच करायचे असतात.

एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर असाल तर निराश व्हायचं कारण नाही. केंब्रिजची गेट्स स्कॉलरशिप ब्रिटनबाहेरच्या कुठल्याही देशाच्या नागरिकाला खुली आहे. चीनमधली श्वार्झमन आणि स्टॅनफर्डची नाइट-हेनेसी या शिष्यवृत्त्यांना राष्ट्रीयत्वाची अट नाही. ऱ्होड्सची भारतासाठी वेगळी निवड होते. उन्हाळी संशोधनासाठी विद्यापीठाचा स्वतःचा निधी बघा, तिथे सहसा नागरिकत्व आड येत नाही.

कामाचे नियम मात्र पाठ असू द्या. सेमिस्टर चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला जास्तीत जास्त २० तास काम करता येतं, आणि प्रयोगशाळेतलं पगारी काम त्यातच मोजलं जातं. कॅम्पसबाहेरच्या इंटर्नशिपसाठी लागणारी सीपीटी ही परवानगी सहसा एक पूर्ण शैक्षणिक वर्ष झाल्यावर मिळते. बिनपगारी काम आहे म्हणून परवानगी नको, असं स्वतःच ठरवू नका. आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयातल्या डीएसओला, म्हणजे व्हिसाचे नियम बघणाऱ्या अधिकाऱ्याला, मेलवर विचारा आणि उत्तर जपून ठेवा. ऑनर्सचा अ‍ॅडव्हायझर कितीही भला असला तरी व्हिसा हे त्याचं क्षेत्र नाही.

थिसिस: शेवटाकडून मागे मोजा

समजा, चौथ्या वर्षी मे महिन्यात पदवी आहे. मग थिसिसचं सादरीकरण एप्रिलमध्ये, पूर्ण कच्चा मसुदा फेब्रुवारीअखेर. म्हणजे माहिती गोळा करणं किंवा प्रयोग डिसेंबरपर्यंत संपायला हवेत. आयआरबी लागत असेल तर तिसऱ्या वर्षाच्या मे महिन्याआधी अर्ज. मार्गदर्शक तिसऱ्या वर्षाच्या जानेवारीत ठरलेला असला पाहिजे, आणि तो तुम्हाला दुसऱ्या वर्षापासून ओळखत असला पाहिजे. चौथ्या वर्षाच्या सप्टेंबरमध्ये मार्गदर्शक शोधायला निघालेले विद्यार्थी तेव्हाच अडकलेले असतात.

मार्गदर्शक निवडताना प्रसिद्धीपेक्षा वेळ बघा. पुढच्या वर्षी सबॅटिकलवर (दीर्घ अभ्यासरजेवर) आहात का, हे स्पष्ट विचारा. मग विषय कापा. ‘समाजमाध्यमांचा तरुणांवर परिणाम’ हा थिसिस होत नाही. ‘या कॅम्पसवरचे पहिल्या वर्षाचे विद्यार्थी अभ्यासगट जमवण्यासाठी कोणतं अ‍ॅप का निवडतात’ हा होतो. दर दोन आठवड्यांनी मार्गदर्शकाला अर्धं पान लिहून पाठवा, काही झालं नसेल तरी. बोलणं तुटलं की थिसिस थांबतो.

सोडायची वेळ आली तर

मेजर बदललं, घरी आजारपण आलं किंवा नुसताच रस संपला, अशा कारणांनी ऑनर्स सोडणारे बरेच असतात आणि त्यात कमीपणा नाही. केलेले ऑनर्सचे कोर्स ट्रान्स्क्रिप्टवर, म्हणजे ग्रेडच्या अधिकृत नोंदीवर, राहतातच. काही ठिकाणी थिसिस न करताही छोट्या पातळीचं प्रमाणपत्र मिळतं, त्याची चौकशी करा. गुपचूप गायब मात्र होऊ नका. डॉर्मची खोली किंवा स्कॉलरशिपचा काही भाग ऑनर्सला बांधलेला असू शकतो आणि तसं असेल तर पुढच्या सेमिस्टरचं बिल बदलतं. एफ-१ वाल्यांनी थिसिसचे क्रेडिट काढून टाकण्याआधी एकूण क्रेडिट १२ च्या खाली जात नाहीत ना, हे बघावं. शेवटच्या सेमिस्टरमध्ये कमी क्रेडिटची सवलत मिळू शकते, पण डीएसओची मंजुरी कोर्स सोडण्याच्या आधी लागते.